माझ्या नावानं पास झालेला लॉट

रिसोड,
सोमवार, दुपार

प्रिय त्रिशला,

तुझे मेसेज येतात, मी उघडत नाही. वरच्या वर दिसतं तेवढंच वाचते. 'सकीना, एकदा बोल.' 'सकीना, प्लीज.' बोलायचंच होतं तर जुलैत बोलली असतीस, तेव्हा आपल्या दोघींच्या मधे फक्त एक काच होती. आता मी बोलते आणि तू ऐक. मुद्दाम कागदावर लिहितेय, कारण कागदावरचा आकडा मागून कोणी बदलला तर खाडाखोड तरी दिसते. यातलं निम्मं तुला ठाऊक आहे. तरीही मी सुरुवातीपासून सगळं लिहिणार. तू काय केलंस ते तुला माहीत आहे, माझं काय झालं ते माहीत नाही.

सोळा वर्षं मी तुमच्या बियाण्याच्या प्लांटच्या लॅबमध्ये काढली. बीएस्सी झाल्यावर तुझ्या बाबांनी, लखमीचंदकाकांनी, मला बोलावून घेतलं होतं. मोहल्ल्यात तेव्हा कुजबुज झाली, की युनूसची बायको गोडाऊनमध्ये कामाले जाते म्हणून. मी गोडाऊनमध्ये जात नव्हते, लॅबमध्ये जात होते, आणि तो फरक काकांनी सगळ्यांना शिकवला. सोयाबीनचा प्रत्येक लॉट माझ्या टेबलावर यायचा. शंभर-शंभर दाणे चार वेळा मोजायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे, आठ दिवसांनी उघडून किती उगवले ते मोजायचं. शंभरात सत्तर उगवले तर बियाणं, नाहीतर तेलाच्या मिलची वाट. इतकं साधं काम. पण ते चुकलं तर कोणाचं तरी अख्खं शेत उघडं पडतं, हे मला रोज कागद उघडताना माहीत असायचं. काकांचं एकच वाक्य होतं, 'सकीनानं नाही म्हटलं म्हंजे नाही.' ते गेले आणि प्लांट तुझ्या धाकट्या भावाकडे, अर्हमकडे आला, तरी ते वाक्य टिकलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मग पाच वर्षांपूर्वी तू पुण्याहून कायमची परत आलीस. लग्न मोडून आलीस म्हणून गावानं काय काय म्हटलं ते तुलाही माहीत आहे. मी मात्र मनातून खूश होते, आज कबूल करते. पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसलेली पोरगी पुन्हा हाकेच्या अंतरावर आली होती. तुझ्या दुःखावर खूश झाले, त्याची मला तेव्हा लाजही वाटली. तू तिकडे कॉम्प्युटरचं काम केलेलं. अर्हमनं तुला काचेची केबिन दिली आणि तू आमची जाडजूड रजिस्टरं बंद करून सॉफ्टवेअर आणलंस. अकोल्याच्या कंपनीचा अनुप येऊन ते बसवून गेला, पण कोणाला काय दिसेल, कोणाला काय करता येईल, ते सगळं तू ठरवलंस. आठवतं? माझ्याच टेबलावर बसून, माझ्याच चाचणीच्या कागदामागं चौकोन काढून तू मला समजावलं होतंस. धनराजला गोडाऊनचा साठा दिसेल, उगवण दिसणार नाही. सकीना आकडे भरेल, पण एकदा सेव्ह केले की सकीनालासुद्धा ते बदलता येणार नाहीत. लॉट पास करायचं बटन फक्त सकीनाच्या लॉगिनमध्ये. आणि अर्हमला सगळं दिसेल, पण लॅबमधलं काही म्हणता काही हलवता येणार नाही.

यावरून तू त्याच्याशी भांडली होतीस. मालकाला आपल्याच प्लांटमध्ये परवानगी नाही म्हणजे काय, असं तो ओरडत होता. तू म्हणालीस, 'ज्याले माल विकायचा हाये त्याच्या हातात पास-नापास द्यायचंच नसते. मी ॲडमिन हावो, मी नाही देणार.' मी भिंतीपलीकडून ऐकत होते. संध्याकाळी घरी येऊन मी युनूसला सांगितलं, की आज त्रिशलानं तिच्या बाबांची खुर्ची सांभाळली. तो मोटारीची वाइंडिंग करत बसला होता, मान वर न करताच म्हणाला, 'चांगली हाये ना तुही मैत्रीण.' हो म्हटलं मी. छाती फुगवून हो म्हटलं.

आता मे महिना. एक्केचाळीस नंबरचा लॉट. चार शंभरांमध्ये उगवले पंचावन्न, एकसष्ट, सत्तावन्न, एकोणसाठ. सरासरी अठ्ठावन्न. मागच्या वर्षी काढणीच्या वेळी पाण्यात सापडलेला माल होता तो, दाण्याला हात लावला की कळत होतं. मी आकडे भरले, लॉट नापास करून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी अम्मीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला अकोल्याला गेले. चार दिवसांची रजा तूच मंजूर केलीस. 'निवांत जाय, इकडचं मी पाहातो,' म्हणालीस. पाह्यलंस, खरंच पाह्यलंस.

परत आले तेव्हा मशीन मला आत घेईना. नवा पासवर्ड टाका म्हणून अडून बसलं. मी तुझ्या केबिनमध्ये आले. तू हसलीस, त्रिशला. हसून म्हणालीस, की सगळ्यांनाच विचारून राह्यलं ते, सुरक्षेचा नवा नियम आला. मी नवा पासवर्ड टाकला. धनराजला विचारलं, एक्केचाळीस कुठं आहे. तो म्हणाला, 'गेला ना ताई तो.' मी समजले मिलला गेला. उघडून पाहिलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं. नाही पाहिलं. ती माझी चूक, ती मी कोणावर ढकलत नाही. सोळा वर्षांत माझं नाही कधी कोणी फिरवलं नव्हतं, म्हणून पाहावंसंच वाटलं नाही.

जून संपता संपता आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावकडच्या गावांतून फोन यायला लागले, बी उगवलं नाही. जुलैत कृषी खात्याची माणसं शेतं पाहून गेली, पिशव्यांवरचे लॉट नंबर लिहून नेले. तो मंगळवार होता. मी जुन्या सव्वीस नंबरच्या लॉटच्या फेरचाचणीचे आकडे भरत होते. तीन शंभर भरून झाले होते, चौथा भरून सेव्ह दाबलं तर पडद्यावर आलं, 'तुम्हाला ही परवानगी नाही.' मला वाटलं नेट गेलं असेल. पुन्हा दाबलं. मग माझी यादी गेली, मग माझं नावच गेलं आणि पुन्हा लॉगिनचा पडदा आला. मी मान वर केली. काचेपलीकडे तू बसली होतीस, हात माउसवर, नजर खाली. मला कामावरून काढल्याचं कोणी तोंडानं सांगायच्या आधी तुझ्या बोटानं सांगितलं होतं. अर्धा तास झाल्यावर अर्हमनं सगळ्या स्टाफला अंगणात बोलावून जाहीर केलं, की लॅब इन्चार्जनं नापास माल पास केला, कंपनीला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. तू बाहेरसुद्धा आली नाहीस.

पुढचं तुला माहीत नाही ते ऐक. गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी फिरली. तिच्यात कंपनी 'एक नामांकित कंपनी' होती, मालक 'संचालक' होता, आणि मी आडनावासकट अख्खी होते. खाली कोणी काय लिहिलं ते मी इथं लिहीत नाही, तुझ्याही मोबाईलमध्ये तो ग्रुप आहे. धाकट्या आयतच्या शाळेत एका मुलीनं तिला विचारलं, तुझी अम्मी बी खराब करते का गं. सातवीतली पोर, तिनं घरी येऊन मला विचारलं नाही, थोरल्या इकराला विचारलं. इकरानं मला सांगितलं आणि वर म्हणाली, 'अम्मी, मले ॲग्रीले नाही जायचं.' शेतकी कॉलेजात जायचं, या एकाच गोष्टीच्या मागं दोन वर्षं लागली होती ती. युनूसकडे मोटार दुरुस्तीला येणारी माणसं कमी झाली नाहीत, पण मोटार सोडून निघताना एखादं वाक्य टाकून जायला लागली. तो घरी जेवताना नुसती पोळी मोडत बसायचा.

आणि एक दिवस रूपला राठोड आला. मालेगावजवळच्या तांड्यावरचा, साठीचा माणूस. एसटीनं आला, पत्ता विचारत विचारत आमच्या गल्लीत आला. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं रुमाल सोडला, आत मातीतून उकरून काढलेले दाणे होते, कुजून काळे पडलेले. पिशवीचं लेबल होतं आणि दुकानदाराकडून मागून आणलेला चाचणीचा रिपोर्ट होता, खाली माझं नाव छापलेला. म्हणाला, 'बाई, मी भांडाले नाही आलो. काकाच्या टायमापासून तुमच्याच इथलं बी पेरतो. एवढंच सांगा, हे बी तुमी पाह्यलं होतं का?' मी म्हटलं, पाह्यलं होतं, नापास केलं होतं. 'मंग कागदावर पास कसं? नाव तं तुमचंच हाये.'  सोळा वर्षं दाणे मोजले आणि त्या माणसाला सांगायला एक वाक्य नव्हतं माझ्याकडे. तो पाणीही न पिता उठला. दारात म्हणाला, 'खोटं तरी चांगलं बोलावं माणसानं.'

त्या दिवशी पहिल्यांदा मी मोठ्यानं ओरडले, रिकाम्या घरात, तुझं नाव घेऊन नाही, मशीनचं नाव घेऊन. तोपर्यंत मला वाटत होतं, की मशीनचीच काहीतरी गडबड झाली असेल आणि तू रात्रंदिवस ती शोधत असशील. हस आता. हसता येत असेल तर.

कृषी खात्याच्या चौकशीच्या साहेबांनी सॉफ्टवेअरची अंतर्गत नोंद मागवली. अनुपनं ती काढून दिली. चौकशीची नोटीस माझ्या नावानं असल्यामुळे एक प्रत मला मिळाली. चार पानं होती. कोणी, कधी, कोणत्या मशीनवरून काय केलं, ते सगळं मिनिटासकट. तू मला चौकोन काढून परवानग्या शिकवल्यास, पण हे शिकवायचं राहिलं, की परवानगी देणाऱ्याचीही नोंद होते. अनुपनं फोनवर सांगितलं, 'ताई, ॲडमिनले सगळं बदलता येते, हे तेवढं पुसता येत नाही.' चौदा मे. अकरा वाजून अकरा मिनिटांनी ॲडमिन त्रिशला, सकीनाचा पासवर्ड बदलला. अकरा चौदाला ॲडमिन त्रिशला, सकीनाला सेव्ह केलेले आकडे बदलण्याची परवानगी दिली. अकरा सोळाला सकीना आत आली. कोणती सकीना? मी अकोल्यात दवाखान्याच्या बाकड्यावर अम्मीची चप्पल हातात धरून बसले होते. अकरा एकोणीसला पंचावन्नचे पंच्याहत्तर झाले, एकसष्टचे एक्क्याऐंशी, सत्तावन्नचे सत्त्याहत्तर, एकोणसाठचे एकोणऐंशी. नवे आकडे शोधायचाही कंटाळा केला, प्रत्येकात नुसते वीस घातले. अकरा एकवीसला लॉट पास. साडेअकराला ॲडमिन त्रिशला, परवानगी काढली. इतकी नीटनेटकी आहेस तू. दार उघडलंस, काम होऊ दिलंस आणि आठवणीनं कडी लावलीस.

माझा राग कशाचा आहे ते समजून घे. अर्हमनं लॉट विकायला काढला, याचा मला धक्का बसला नाही. त्याला जमलं असतं तर त्यानं ते दोन वर्षांपूर्वीच केलं असतं. तू त्याची अडवणूक करत होतीस, म्हणून तो थांबला होता. मग तू त्याच्या घरात राहतेस, त्याच्या टेबलावर जेवतेस, कोर्टाचं तुझं काम तो बघतो, आणि एके दिवशी त्यानं डोळे वटारले असतील. हे सगळं मला कळतं, मी काही लहान पोर नाही. तुला भीती वाटली असेल. पण तुझी भीती तू माझ्या नावावर का टाकलीस? ॲडमिनच्या नावानंच पास करता आलं असतं तुला. स्वतःला परवानगी द्यायची, स्वतः बटन दाबायचं. ते तू केलं नाहीस. तू बसून विचार केलास, की कोणाचं नाव वापरलं तर कोणी प्रश्न विचारणार नाही, आणि तुला माझं सुचलं. सोळा वर्षं मी ज्या नावाला डाग लागू दिला नाही, तेच तुला त्यासाठी सोयीचं वाटलं.

नववीत प्रयोगशाळेत तुझ्या हातून काचेचं भांडं फुटलं होतं. तुझे बाबा रागावतील म्हणून तू तुकडे लपवत होतीस, तेव्हा मी उठून सांगितलं की माझ्याकडून फुटलं. उपकार काढायला हे लिहीत नाही. मी तेव्हा आपणहून उठले होते, एवढंच सांगतेय. या वेळी तू विचारलंच नाहीस. विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं, आणि ते तुला पक्कं माहीत होतं. म्हणून तर मी अकोल्याला असतानाची तारीख धरलीस.

आता कालचं सांगते. काल रविवारी सकाळी अर्हम आमच्या घरी आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवून चालत आला, युनूसच्या गादी फाटलेल्या खुर्चीवर बसला, चहा घेतला. चार महिन्यांत पहिल्यांदा मला 'सकीनाताई' म्हणाला. टाइप केलेला कागद आणला होता. त्यात लिहिलंय, की सकीना निर्दोष आहे, आणि त्रिशलानं कोणाला न विचारता, आपल्या मनानं, सकीनाच्या लॉगिनमधून आकडे बदलून लॉट पास केला. घटस्फोटापासून तिची मनःस्थिती ठीक नाही, असंही एक वाक्य आहे. मी खाली सही करायची, गुरुवारी वाशीमला सुनावणीत साहेबांपुढे तेच सांगायचं, आणि पुढच्या सोमवारपासून लॅबमध्ये यायचं. 'दीदीनंच केलं ना ताई,' तो म्हणाला, 'मले तं माहीतच नव्हतं. नोंदीत नाव तिचंच हाये.' तुझा भाऊ तुझ्याबद्दल हे बोलत होता आणि बिस्किट चहात बुडवत होता. युनूसनं त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाला, 'शेठ, चहा झाला.' तो गेला, कागद विचार करायला म्हणून ठेवून गेला.

मी विचार केला. खोटं बोलत नाही, तासभर मला तो कागद गोड लागला. तू केलंस तसंच तुझ्याशी होतंय, होऊ दे, असं वाटलं. मग मी पुन्हा ती चार पानं काढली. आकडे बदलले ते मशीन अर्हमच्या केबिनमधलं आहे, नोंदीत त्याचा नंबर आहे. आणि मी माझ्या मोबाईलमधले मे महिन्याचे कॉल पाहिले. चौदा तारखेला अकरा पंधराला तुझा फोन आला होता, आठ मिनिटं. अम्मीच्या डोळ्याचं विचारत होतीस. मागं बी चाळायच्या ग्रेडरचा एवढा आवाज होता, की मी दोनदा म्हटलं, बाहेर येऊन बोल. तू शेडमध्ये उभी होतीस, त्रिशला. आकडे बदलले तेव्हा तू त्या खोलीत नव्हतीस. मी मोबाईलवरून लॉगिन करू नये म्हणून मला बोलण्यात गुंतवत होतीस, की तुझ्यानं ते पाहवत नव्हतं, हे तूच जाणे. दोन्ही असेल. त्यानं माझा राग तसूभर कमी होत नाही. पण दार तू उघडलंस आणि आत तो गेला, हे खरं आहे. दुसऱ्याचं काम तिसऱ्याच्या नावावर चढवलं की काय होतं, ते मी चार महिने भोगतेय. मी ते तुझ्याशी करणार नाही. त्याच्या कागदावर मी सही करणार नाही. तो कागद या पाकिटात ठेवलाय, तुझ्या भावाचे शब्द तू स्वतःच्या डोळ्यांनी वाच, म्हणून हे पत्र. गुरुवारी अकरा वाजता मी वाशीमला ती चार पानं आणि माझा मोबाईल दोन्ही साहेबांपुढे ठेवणार आहे. परवानगी कोणी दिली तेही सांगणार, आकडे कुठल्या खोलीतून बदलले तेही सांगणार, आणि अकरा पंधराला तू कुठं उभी होतीस तेही सांगणार. रूपलालाही यायला सांगितलंय, त्याला त्याचं उत्तर मिळालं पाहिजे. परवानगी द्यायला तुला कोणी लावलं, ते मात्र मला माहीत नाही, ते तुलाच उभं राहून सांगावं लागेल. येशील तर ये. मी तुला वाचवायला येत नाहीये, खरं सांगायला येतेय. त्यात तू जेवढी वाचशील, तेवढी तुझी.

रागावलेली, पण अजूनही तुझी,
सकीना